विजयापूर्वीचा जयघोष

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्रातील असंख्य घरांत एक विलक्षण पेच उभा राहिला होता. २२ एप्रिल रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध जीवांची हत्या केली. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. त्या जखमेवर खपलीही धरली नव्हती, तोच १४ सप्टेंबर रोजी आशिया चषक स्पर्धेत भारताचा क्रिकेट संघ दुबईत पाकिस्तानविरुद्ध मैदानात उतरला. हा सामना पाहावा की पाहू नये? आपल्या संघाच्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसावे, की दूरचित्रवाणी संच बंद ठेवून निषेध नोंदवावा? एकाच घरात वडिलांचे मत एक आणि मुलाचे दुसरे, असे चित्र शहरोशहरी दिसले. 'देशाचा संघ खेळतो आहे, तेव्हा देशाने त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे', असे एक पक्ष म्हणत होता. 'ज्यांच्या हाताला आपल्या माणसांचे रक्त लागले आहे, त्यांच्याशी खेळ कसला?' असा दुसऱ्याचा सवाल होता.

या दोन्ही पक्षांकडे शांतपणे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. सामना पाहणारा राष्ट्रविरोधी नव्हता आणि न पाहणारा खिलाडूवृत्ती हरवून बसलेला नव्हता. दोघांच्याही मनात राष्ट्र होते, म्हणूनच दोघेही अस्वस्थ होते. खुद्द खेळाडूही या अस्वस्थतेपासून दूर नव्हते. भारताने तो सामना सात गडी राखून जिंकला, पण खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्यांशी हस्तांदोलन केले नाही. २८ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पाच गडी राखून विजय मिळाला, तेव्हा आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष आणि पाकिस्तानचे गृहमंत्री असलेल्या मोहसीन नक्वी यांच्या हातून चषक स्वीकारण्यास संघाने नकार दिला. मन द्विधा झाले होते, कारण मन गुंतलेले होते. ज्याच्याशी काही नातेच नाही, त्याच्याविषयी मनुष्याचे मन कधी द्विधा होत नाही.

हे लक्षात घेतले, म्हणजे त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका घटनेकडे वळता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमधील राजगीर येथे वीस वर्षांखालील मुलामुलींची आशियाई रग्बी सेव्हन्स स्पर्धा झाली. भारताच्या मुलींनी उझबेकिस्तानला १२-५ असे नमवून कांस्यपदक पटकावले. छातीवर तोच भारत होता आणि पदक घेताना वर चढणारा ध्वजही तोच तिरंगा होता. पण या सामन्यासाठी कोणत्या घरात वाद झाला? कोणी संच लावला, कोणी बंद ठेवला? बुलडाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत विचारत गेले, तर असा काही सामना झाला हेच ठाऊक असलेली माणसे किती सापडतील? पाठिंबा नव्हता आणि विरोधही नव्हता. जे होते ते केवळ औदासीन्य. राष्ट्रीय संघाविषयीच्या संमिश्र भावनांची चर्चा करताना ही तिसरी अवस्था सहसा कोणी विचारात घेत नाही. वस्तुतः चिंता करावी ती तिचीच.

रग्बी म्हणजे काय, हे ठाऊक नसणे हा काही अपराध नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या सीमारेषेपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवायचा आणि प्रतिस्पर्ध्याने धावणाऱ्याला धरून खाली पाडायचे, हे या खेळाचे ढोबळ स्वरूप. मूळ खेळ पंधरा-पंधरा जणांचा. सात-सात जणांचा आणि सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा 'सेव्हन्स' हा प्रकार २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट झाला. या खेळाचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो द्यायचा तर मागून येणाऱ्या सहकाऱ्याकडेच द्यावा लागतो. पुढे जायचे असेल तर पाठीशी कोणीतरी धावत असले पाहिजे, हे ज्या खेळाचे मूलतत्त्व आहे, त्या खेळातील भारतीय संघाच्या पाठीशी मात्र समाज नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, हा खेळ इंग्रजांचा. त्याच्याशी आपले काय देणेघेणे? आक्षेप अगदीच निराधार नाही. भारतात हा खेळ आला तो इंग्रज पलटणींबरोबर आणि वाढला तो गोऱ्यांच्या क्लबांत. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात आरंभी भारतीयांना सदस्यत्वच नव्हते. कलकत्त्याच्या रग्बी क्लबाची कहाणी तर आणखी बोलकी आहे. तो क्लब मोडला, तेव्हा गोऱ्या सदस्यांनी पेढीतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवून विलायतेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे दोन देश १८७९ पासून त्याच 'कलकत्ता चषका'साठी झुंजत आले आहेत. चांदीचे मोल खामगावच्या पेढ्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. रुपये इथले, कारागिरी इथली, नाव इथल्या शहराचे, आणि खेळणारे व मिरवणारे मात्र परके. वसाहतकाळाचे याहून नेमके चित्र शोधूनही सापडणार नाही.

पण त्याच १८७९ सालच्या कलकत्त्याची आणखी एक गोष्ट आहे. त्या वर्षी 'लिओनिडास' नावाचे जहाज कलकत्त्याहून निघाले आणि चारशे त्रेसष्ट भारतीय मजुरांना घेऊन १४ मे रोजी पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांना लागले. करारबद्ध मजुरीच्या, म्हणजेच 'गिरमिट'च्या नावाखाली १९१६ पर्यंत असे साठ हजारांहून अधिक भारतीय तेथे नेले गेले. ऊसमळ्यांत त्यांनी रक्त आटवले. सोबत नेलेले रामचरितमानस जपले, मंदिरे उभारली, शाळा काढल्या आणि त्या बेटांची अर्थव्यवस्था उभी केली. याच फिजीत रग्बी हा राष्ट्रीय प्राण आहे. राष्ट्रीय संघाला पाठिंबा देताना मन कसे द्विधा होते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने या गिरमिटियांच्या वंशजांची कथा अभ्यासली पाहिजे.

फिजीचा रग्बी संघ हा प्रामुख्याने तेथील मूळ रहिवाशांचा. भारतीय वंशाचे तरुण फुटबॉलकडे वळलेले. १९३८ साली स्थापन झालेल्या तेथील फुटबॉल संघटनेच्या नावातच 'इंडियन' हा शब्द होता. खेळांचीही जणू वाटणी झाली होती. १४ मे १९८७ रोजी, म्हणजे पहिले जहाज लागल्याच्या तारखेलाच, लष्करी अधिकारी सितिवेनी राबुका यांनी भारतीय वंशाच्या मंत्र्यांचे प्राबल्य असलेले निर्वाचित सरकार उलथवले. हे राबुका स्वतः रग्बीपटू. पुढे मे २००० मध्ये भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान महेंद्र चौधरी यांना संसदेतच ओलीस धरून सत्ताभ्रष्ट करण्यात आले. हजारो भारतीय कुटुंबे देश सोडून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेली. ज्या देशाने आपले मत नाकारले, त्याच देशाच्या रग्बी संघासाठी टाळ्या कशा वाजवायच्या, हा प्रश्न मागे राहिलेल्यांना पडला असेल, तर त्यांना दोष कोण देणार?

आणि तरीही ११ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ येथे फिजीने ग्रेट ब्रिटनला ४३-७ असे धूळ चारून आपल्या इतिहासातील पहिलेच ऑलिम्पिक पदक, तेही सुवर्णपदक, जिंकले. ज्यांनी कधीकाळी त्या बेटांवर राज्य केले, त्यांनाच त्यांच्या खेळात हरवणारा तो विजय होता. मजुरीच्या करारावर अंगठे घेणारे आणि बेटांच्या सरदारांवर हुकमत गाजवणारे हात एकच होते, याची आठवण त्या दिवशी दोन्ही समाजांना व्हायला हरकत नव्हती. सरकारने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली आणि सात खेळाडूंच्या संघाच्या गौरवार्थ सात डॉलरची नोट काढली. परंतु खरी जखम भरायला एक विजय पुरत नाही. मे २०२३ मध्ये, पुन्हा पंतप्रधानपदी आलेल्या त्याच राबुका यांनी १९८७ च्या कृत्याबद्दल भारतीय वंशाच्या नागरिकांची जाहीर क्षमा मागितली आणि गिरमिट दिनाची राष्ट्रीय सुट्टी सुरू झाली. समाजाने संघाला आपले म्हणावे ही अपेक्षा रास्त आहे. पण त्याआधी राष्ट्राने त्या समाजाला आपले म्हटलेले असावे लागते.

दक्षिण आफ्रिकेनेही हाच धडा गिरवला. वर्णभेदाच्या काळात तेथील कृष्णवर्णीय प्रेक्षक स्वदेशाच्या रग्बी संघाविरुद्ध, पाहुण्या संघाच्या बाजूने घोषणा देत. हिरवी जर्सी त्यांच्या लेखी जुलमाचा गणवेश होती. २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्गमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा सत्तावीस वर्षे कारावास भोगलेले राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला तीच हिरवी जर्सी घालून मैदानात आले. न्यूझीलंडला १५-१२ असे हरवून चषक देशात राहिला. पण त्या विजयी संघातही चेस्टर विल्यम्स हा एकच श्वेतेतर खेळाडू होता. सिया कोलिसी हा कृष्णवर्णीय कर्णधार विश्वचषक उंचावण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. एका थोर पुरुषाची जर्सी म्हणजे आरंभ होता. त्याची पूर्तता करण्यासाठी समाजाला चोवीस वर्षे घाम गाळावा लागला.

परदेशाच्या या कथा सांगताना स्वतःच्या अंगणाकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे. मुंबईच्या जुन्या क्रिकेट स्पर्धांत हिंदू संघाचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज होता पालवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी मिळवले. पण ज्या पुण्यात त्याच्या गोलंदाजीला टाळ्या पडत, तेथेच चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई, कारण तो चर्मकार समाजात जन्मला होता. संघाचे रीतसर कर्णधारपद त्याला कधीही मिळाले नाही. पुढे १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते मिळाले, तेही भांडून. मैदानावर आपला आणि पंगतीत परका, ही रीत ज्या समाजात असते, त्याचा जयघोष पोकळ असतो. त्या कलंकाची आठवण ठेवणे हे समरसतेचे पहिले पाऊल होय. राष्ट्रीय संघ 'आपला' होतो तो केवळ जर्सीने नव्हे. त्यातील प्रत्येक खेळाडू आपल्या घरचा वाटू लागला म्हणजे तो आपला होतो.

आता पुन्हा परक्या खेळाच्या आक्षेपाकडे येऊ. स्वदेशी म्हणजे कवाडे बंद करणे, असा अर्थ कोणी लावत असेल, तर वऱ्हाडाचाच इतिहास त्याला उत्तर देतो. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने लाठी, मल्लखांब, कबड्डी यांची जोपासना केली. पारतंत्र्याच्या काळात, १९३६ साली, या मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगापुढे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. स्वत्व राखून जगाच्या मैदानात उतरावे, हाच त्या कार्यकर्त्यांचा बाणा होता. १९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे दोन्ही किताब भारताने जिंकले. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. आपला खेळ जगाने स्वीकारावा असे वाटत असेल, तर जगाचा खेळ आपल्याला वर्ज्य कसा? शिवाय ज्याने कबड्डीत चढाईपटूची पकड केली आहे आणि खो-खोत क्षणात दिशा बदलली आहे, त्याला रग्बीची पकड आणि हुलकावणी परकी वाटण्याचे कारण नाही. मातीने घडवलेले अंग दोन्हीकडे तेच असते.

भारतीय रग्बीचे आजचे चित्रही हा खेळ गोऱ्यांचा वा श्रीमंतांचा उरलेला नाही, हेच सांगते. १९९८ मध्ये भारताचा पुरुष संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा हा खेळ मुख्यतः महानगरांतील क्लबांत होता. २००७ साली भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या निवासी संस्थेतील चौदा वर्षांखालील वनवासी मुलांनी लंडनमधील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्याच ओडिशाच्या मुली पुढे राष्ट्रीय संघाचा कणा झाल्या. पुण्याच्या वाहबिज भरुचाने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. जून २०१९ मध्ये मनिला येथे भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या प्रकारातील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. अखेरच्या क्षणांत निर्णायक गुण मिळवणारी सुमित्रा नायक ही त्या भुवनेश्वरच्याच संस्थेत घडलेली. ज्या मुलींना शाळेचे दारही दुर्लभ होते, त्यांनी देशाला हा दिवस दाखवला. त्या रात्री देशात किती फटाके वाजले?

बुलडाण्याला हा प्रश्न अधिक जवळून भिडतो. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोरकू, भिल्ल, निहाल समाजाच्या मुलांचे पाय डोंगरवाटांनीच तयार केलेले असतात. ओडिशात जे घडले ते येथे का घडू नये? या जिल्ह्यात गुणवत्ता नाही, असे तर कोणी म्हणूच शकणार नाही. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने जगातील अव्वल क्रमांकाच्या माईक श्लोसरला १४९-१४८ असे एका गुणाने हरवले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत त्याने सांघिक सुवर्ण जिंकले. त्याआधी २०१९ मध्ये बुलडाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी चीनमधील चेंगडू येथे जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धांत तिरंदाजीचे सुवर्ण मिळवले. या विजयांनंतर अभिनंदनाचे फलक लागणे स्वाभाविकच होय. पण हात थरथरत होते, बाण चुकत होते, स्पर्धेच्या प्रवासखर्चाची जुळवाजुळव चालली होती, त्या दिवसांत सरावाच्या मैदानाच्या कडेला उभे राहून 'चल, पुन्हा मार' म्हणणारे किती होते?

आपल्या पाठिंब्याचे खरे दुखणे येथे आहे. तो विजयाच्या मागून चालतो. महिला क्रिकेटचेच पाहा. २००५ मध्ये मिताली राजच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, तेव्हा त्यांच्या पराभवाची हळहळ करणारेही मोजके होते. २०१७ मध्ये अवघ्या नऊ धावांनी चषक हुकला, तेव्हा देशाने प्रथमच मान वळवून पाहिले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला बावन्न धावांनी हरवून चषक जिंकला आणि सारा देश नाचला. तो आनंद खोटा नव्हता. पण दोन दशके रिकाम्या प्रेक्षागृहांपुढे खेळलेल्या पूर्वसुरींचे ऋण त्या एका रात्रीत फिटले, असे मानता येणार नाही. जिंकणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे याला बाजारात ग्राहकवृत्ती म्हणतात. माल चांगला निघाला तर घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या दुकानात जायचे. राष्ट्रभावनेचे गणित निराळे असते. तेथे मागण्याआधी द्यावे लागते.

येथे आणखी एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारणाऱ्याचा हक्क आहे. पश्चिम विदर्भातील शेतकऱ्याच्या गळ्याला कर्जाचा फास लागलेला, सोयाबीन-कपाशीला भाव नाही, आणि रग्बीच्या संघाची कसली चिंता? हा प्रश्न हसण्यावारी नेणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु याच शेतकऱ्याच्या घरात खेळाच्या बळावर पोलीस भरतीची, सैन्यदलाची, रेल्वेची नोकरी शोधणारा मुलगा असतो. पहाटे डांबरी रस्त्यावर अनवाणी धावणारी ही मुले गावोगाव दिसतात. त्यांना मैदान, मार्गदर्शन आणि पोटभर अन्न मिळणे ही चैन नव्हे, तो त्यांच्या जगण्याचा भाग आहे. आणि पाठिंबा म्हणजे काय, हे तर या शेतकऱ्यानेच इतरांना शिकवावे. मृगाचा पाऊस येईल की नाही, भाव मिळेल की नाही, याची कोणतीही हमी नसताना तो घरातले बियाणे मातीत टाकतो. पीक हाती येण्यापूर्वी त्याने जो विश्वास टाकलेला असतो, त्यावरच सर्वांचे ताट भरते.

मग करायचे काय? रग्बीचे सामने पाहावेत असा हुकूम कोणी काढू शकत नाही आणि काढूही नये. भावना आदेशाने उत्पन्न होत नाहीत, त्या सहभागातून उत्पन्न होतात. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातील मैदानावर पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, परदेशी नामांकित खेळाडू आले. असे उपक्रम व्हावेत. पण लीग म्हणजे शेंडा आहे, मूळ गावात आहे. प्रत्येक शाळेने वार्षिक क्रीडा महोत्सवात कबड्डी, खो-खोबरोबर एखादा नवा सांघिक खेळ घ्यावा. लंबगोल चेंडूला फार खर्च येत नाही. शाळांची मैदाने अतिक्रमणांपासून आणि लग्नमंडपांपासून वाचवण्याचे काम गावच्या कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. गणेशोत्सव मंडळाने सजावटीतील थोडी रक्कम बाजूला काढून तालुक्यातील एका तरी खेळाडूच्या प्रवासखर्चाचा भार उचलावा. आणि घरात पालकांनी मुलांना केवळ विजेत्यांची नव्हे, तर हरूनही पुन्हा मैदानात उतरणाऱ्यांची नावे सांगावीत. यातले काहीही शासनाच्या निर्णयावाचून अडत नाही.

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारत प्रयत्नशील आहे. भव्य प्रेक्षागृहे उभी राहतील यात शंका नाही. त्या प्रेक्षागृहांत ज्या खेळांत भारत अजून हरतो, त्या खेळांच्या सामन्यांना कोण बसणार, हा खरा प्रश्न आहे. तेथे रिकाम्या खुर्च्यांपुढे राष्ट्रगीत वाजणार असेल, तर सुवर्णपदकांची संख्या वाढूनही समाज खेळाडू होणार नाही. उलट हरणाऱ्या संघासाठीही शेवटच्या शिटीपर्यंत जागेवर बसून राहणारा समाज घडला, तर पदके आज ना उद्या येतीलच. आणि तेव्हा कधी पुन्हा १४ सप्टेंबरसारखा पेच उभा राहिला, तर त्या द्विधा मनःस्थितीलाही वजन येईल, कारण ती नेहमी पाठीशी असणाऱ्यांची असेल.

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे राजमाता जिजाऊंच्या जन्मस्थळी जनसागर लोटतो. लखुजी जाधवांच्या या लेकीने आपल्या पुत्राच्या मनात स्वराज्याचा संकल्प पेरला, तेव्हा तोरणा हाती आलेला नव्हता, अफजलखानाचे पारिपत्य झालेले नव्हते, राज्याभिषेक तर कल्पनेतही नव्हता. चहूबाजूंना पातशाह्या होत्या आणि पाठीशी मावळातील मूठभर पोरे. विजयाची कोणतीही चिन्हे नसताना ती माउली त्या पोरांच्या पाठीशी उभी राहिली. रायगडावरचा जयघोष सर्वांनी ऐकला. पण स्वराज्य उभे राहिले ते त्याआधी, एका आईने मनातल्या मनात केलेल्या जयघोषामुळे. या मातीत जन्मलेल्यांना विजयापूर्वी पाठीशी कसे उभे राहावे, हे अन्यत्र जाऊन शिकण्याची आवश्यकता नाही.